बिल्ला, बैल आणि कापूस

हिंदी आणि मराठी चित्रपटांतला मुसलमान, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. नवाब, शायर, तवायफ, कव्वाल, दोस्तासाठी जीव देणारा खान आणि नव्वदीनंतरचा दहशतवादी ही यादी आता आपल्याला तोंडपाठ आहे. परिसंवादात ती म्हणून दाखवली की टाळ्याही पडतात. यादी खोटी नाही. पण तिच्यामुळे एक साधा प्रश्न मागे पडला. पडद्यावरचा हा मुसलमान राबतो कुठे, खातो काय आणि त्याच्या डोक्यावर कोणाचे देणे आहे? त्याचा धर्म पहिल्याच दृश्यात कळतो. वर्ग कित्येकदा शेवटपर्यंत कळत नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, आर्णी, पांढरकवडा, कुठल्याही गावच्या मोहल्ल्यात जा. गादी भरणारा, फळांची गाडी लावणारा, बांगड्यांचा मण्यार, गॅरेजातला मिस्त्री, जिनिंगमधला हमाल, खाटीक, चार-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी अशीच माणसे भेटतील. सच्चर समितीने २००६ साली जे आकड्यांत मांडले ते या मोहल्ल्यांत डोळ्यांनी दिसत होते. नवाब मात्र इथे कोणी पाहिलेला नाही. मग आपण जे पाहतो आणि आपल्याला जे दाखवले जाते, त्यांत एवढे अंतर कसे पडले?

चित्रपट वर्ग दाखवतो तो वस्तूंमधून. भाषणाने ते काम होत नाही. झाले तरी प्रेक्षक ते घरी घेऊन जात नाही. चेतन आनंद यांच्या १९४६ च्या ‘नीचा नगर’मध्ये वरच्या वस्तीचा मालक आपली गटार खालच्या वस्तीकडे वळवतो. कथा हयातुल्ला अन्सारींची, पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास. वर राहणाऱ्याची घाण खाली राहणाऱ्याच्या दारात येते, रोगराई पसरते, आणि विषमता म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आपल्या देशातल्या प्रेक्षकांपर्यंत मात्र तो फारसा पोहोचला नाही.

मेहबूब खान यांचे उदाहरण आणखी ठळक आहे. शिक्षण नाममात्र, पक्षाशी संबंध नाही, नमाजी माणूस. पण त्यांच्या चित्रसंस्थेचे बोधचिन्ह विळा-हातोडा. ‘मदर इंडिया’ (१९५७) म्हटले की आपल्याला खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस आठवते. त्या चित्रपटातली माझ्या मते सगळ्यात नेमकी वस्तू मात्र सुखीलालाची वही आहे. पाचशे रुपयांच्या कर्जापोटी पिकाचे तीन हिस्से सावकाराकडे जातात, कारण वहीत काय लिहिले आहे ते घरात कोणालाच वाचता येत नाही. बिरजूला ती वही समजून घ्यायची आहे. शेवटी तो ती जाळतो. आईची गहाण पडलेली कंगनेही त्याच हिशेबातली. नांगर, वही, कंगन या तिन्ही वस्तू अखेरपर्यंत आपापल्या कामाच्याच राहतात. त्यांच्यावर कुठली दैवी छाया पडत नाही, म्हणून त्या देण्या-घेण्याविषयी बोलू शकतात. वस्तू पवित्र झाली की प्रेक्षक हात जोडतो, आणि हात जोडलेला माणूस हिशेब विचारत नाही. मुसलमान पात्रांच्या बाबतीत आपल्या चित्रपटांनी नेमके हेच केले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात मराठीपासून करू. प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१). दिग्दर्शक व्ही. शांताराम, जिवबाच्या भूमिकेत केशवराव दाते आणि मिर्झाच्या भूमिकेत गजानन जागीरदार. दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान, बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे. गावाजवळ धरण बांधायला उद्योगपती येतो. त्याला जमीन हवी आहे, गावाची एकजूट आड येते, म्हणून तो ही मैत्री फोडतो. अखेरीस धरण फुटते आणि दोघे मित्र एकत्रच मरतात. आता या कथेत मूळ झगडा कोणाचा आहे? भांडवल आणि गाव यांचा. फूट पाडणारा धर्मासाठी फूट पाडत नाही, जमिनीसाठी पाडतो. आपल्या आठवणीत मात्र ‘शेजारी’ उरला तो ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचा चित्रपट’ म्हणून. भाषणांत मिर्झा आणि जिवबाचे एकमेकांना धरलेले हात येतात, धरण येत नाही. चित्रपटाने दाखवले होते, पाहणाऱ्यांनी गाळले. त्यात आपणही आलो.

पुढची गोष्ट दिलीपकुमारची. ‘नया दौर’ (१९५७) मधला टांगेवाला शंकर आठवा. गावात मोटार येते, टांग्यांची रोजी जाते, आणि सगळा प्रश्न एका शर्यतीत उभा राहतो: एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला यंत्र. ‘गंगा जमुना’ (१९६१) मधला गंगा हवेलीच्या मालकाने नाडलेला खेडूत. कष्टकरी माणसाचा देह दिलीपकुमारने जसा उभा केला तसा क्वचितच कोणी केला असेल. या माणसांची नावे शंकर आणि गंगा. याच युसूफ खानला पडद्यावर मुसलमान होण्याची ठळक संधी मिळाली ती ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये, आणि तिथे तो शहजादा सलीम झाला. राबायचे असेल तर शंकर, तख्तासाठी भांडायचे असेल तर सलीम. ही कोणाची कारस्थानी योजना होती असे मी म्हणत नाही. प्रेक्षक आणि निर्माते दोघांनाही ते स्वाभाविक वाटत होते, आणि अडचण तीच आहे. त्या काळात मुंबईत टांगा हाकणारे किती जण मुसलमान होते, हे काही गुपित नव्हते.

पडद्याबाहेर मात्र याच दिलीपकुमारने वेगळी भूमिका घेतली. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी यांनी महाराष्ट्रात उभ्या केलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीच्या व्यासपीठावर ते आले, सभांना गेले. फळांच्या व्यापारातल्या घरात जन्मलेला हा माणूस बागवान, पिंजारी, कुरेशी, अन्सारी यांच्या हक्काविषयी बोलला. चित्रपटातल्या मुसलमानाने त्यांना जे करू दिले नाही ते त्यांनी सभेत केले. त्यांच्यावर लिहिणारे समीक्षक या भागाला दोन ओळींत उरकतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता बिल्ला. ‘दीवार’ (१९७५), लेखक सलीम-जावेद, दिग्दर्शक यश चोप्रा. वर्गाच्या खुणांनी हा चित्रपट गच्च भरलेला आहे. बूटपॉलिश करणारा पोरगा फेकलेले नाणे उचलत नाही. आई विटा वाहते, आणि पुढे मुलगा तीच इमारत विकत घेतो. बापाला मजुरांची बाजू सोडावी लागली, त्याची शिक्षा मुलाच्या हातावर गोंदवली जाते. अशा चित्रपटात विजय गोदीत हमाल होतो आणि त्याला नंबराचा बिल्ला मिळतो, ७८६.

या बिल्ल्याकडे नीट पाहायला हवे. मुळात तो काय आहे? हमालाला नावाऐवजी दिलेला आकडा. गोदीच्या हिशेबात माणूस आकड्याने ओळखला जातो, आकड्याने पगार घेतो, आणि आठवड्याला गुंडांना हप्ता देतो. याहून धारदार वर्गचिन्ह शोधून सापडले नसते. पण रहीमचाचा विजयला सांगतो की हा आकडा आपल्याकडे मुबारक आहे, आणि तिथून बिल्ल्याची जात बदलते. तो गोळी अडवतो. विजय तस्कर झाला, बंगल्यात राहायला गेला तरी तो खिशात राहतो. देवळाची पायरी न चढणारा विजय या एका वस्तूवर विश्वास ठेवतो, आणि शेवटी बिल्ला हातातून निसटतो तेव्हा आपल्याला कळते की आता हा वाचत नाही. लेखकांची कारागिरी वादातीत आहे. पण हिशेब मांडून पाहा. हमालाचा नंबर ताईत झाला, आणि ज्यांच्यामध्ये तो नंबर मिळाला ते गोदीतले हमाल कथेतून हळूहळू निघून गेले. रहीमचाचाचे काम आकड्याचा अर्थ सांगण्यापुरते. त्याचा स्वतःचा बिल्ला कितीचा होता, त्याच्या घरी कोण होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आठ वर्षांनी मनमोहन देसाईंच्या ‘कुली’ने (१९८३) हाच आकडा इक्बालच्या दंडावर चढवला. इथे नायकच मुसलमान आणि हमाल, म्हणजे संधी मोठी होती. रेल्वे हमालांची एकजूट, त्यांच्या पैशांचा अपहार, निवडणूक असे बरेच काही चित्रपटात आहे. पण शेवट हाजीअलीच्या दर्ग्यात होतो, अंगावर चादर येऊन पडते आणि गोळ्यांचा सामना ती चादर करते. हमालांच्या एकजुटीची गरज उरत नाही.

आपण त्या वेळी काय केले? टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पडद्यावर ७८६ दिसला की थिएटर दणाणून जायचे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्याइतकेच इतरही असायचे, हे त्या काळाचे मोठेपण मान्य करायला हवे. नोटेवर तो आकडा सापडला तर ती जपून ठेवण्याची हौस आजही अनेकांना आहे. त्या आनंदाला मी हसणार नाही. ज्या समाजाला पडद्यावर इज्जतीने फार कमी वेळा उभे केले गेले, त्याला एक आकडासुद्धा पुरतो. मात्र त्या आनंदात आपण हमाल विसरलो, आणि त्याचा फायदा ज्यांना हमाल विसरला जायला हवा होता त्यांना झाला.

मराठीत नव्या पिढीने हा खेळ बदलला. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला नसेल, आणि कारण मला ठाऊक आहे. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. आपल्याकडे या जनावराचे नाव घेणेही टाळले जाते, आणि हा चित्रपट तर त्याच्या मागे धावण्यातच उभा राहिला आहे. तरीही तो पाहायला हवा, आणि तोही मुसलमान म्हणून. गावाला डुक्कर शिवायचे नाही, पण ते गावातून जायला तर हवे, म्हणून जब्याच्या घराने ते पकडायचे. त्या धावपळीत शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. डुक्कर निसटते. पुढे त्याला काठीला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकरांचे, सावित्रीबाईंचे, गाडगेबाबांचे चित्र दिसते. कॅमेरा कशावर बोट ठेवत नाही, नुसता सोबत चालतो. इथे डुक्कर कशाचे प्रतीक आहे असे विचारण्यात अर्थ नाही. ते काम आहे, लादलेले काम.

मुसलमान प्रेक्षकाला हा चित्रपट अडचणीत आणतो तो इथे. हराम आहे ते खाणे. ते काम ज्याच्यावर लादले गेले तो माणूस हराम नाही. हे सगळ्यांना मान्य असते, निदान बोलण्यात. मग आपल्या बिरादऱ्यांचे काय करायचे? मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, आणि मुलीचे स्थळ आले की पहिला प्रश्न बिरादरीचा. मेहतर, फकीर, पिंजारी, खाटीक ही नावे कोणत्या सुरात घेतली जातात ते आपण घराघरांत ऐकलेले आहे. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. तो फक्त सवर्ण प्रेक्षकासाठी आहे असे समजून बाजूला सरकण्याची सोय आपल्याला नाही.

मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) मात्र आपण जवळचा मानला, आणि ते रास्त आहे. जुन्नरकडच्या बटाटा पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे घर. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या बैल जायबंदी होतो. पेरणी तोंडावर, अंगावर कर्ज, म्हणून बाप बैल खाटकाला विकायचे ठरवतो. शेजारी रशिदाचे घर. तिची नानी आजारी आहे. लहानगा टिंग्या विचारतो की म्हाताऱ्या नानीवर इलाज होतो, मग माझ्या बैलावर का नाही? शरद गोयेकर या पोराला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

रशिदाचे घर दाखवताना हाडवळेंनी एक फार मोठी गोष्ट सहज करून टाकली आहे. ते घर मुसलमानाचे आहे हे कळते, पण कॅमेरा तिथे थबकत नाही. धूप, कव्वाली, हिरवा प्रकाश यांचा आधार घ्यावा लागत नाही. दोन्ही घरांची चणचण एकच, आजारपणाची भीती एकच. रशिदा टिंग्याची मैत्रीण आहे, ऐक्याची जाहिरात नाही. ‘शेजारी’मध्ये जे पाहणाऱ्यांनी गाळले ते इथे गाळता येत नाही, कारण गरिबीपासून वेगळा काढता येईल असा धर्म दिग्दर्शकाने ठेवलेलाच नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. या कथेत खाटीक हा एक धाक आहे. टिंग्याच्या डोळ्यांनी पाहिले तर तसे होणारच, त्याबद्दल वाद नाही. पण खाटकालाही घर असते. शेतकऱ्याच्या गोठ्यातून निरुपयोगी जनावर त्याच्याकडे जाणे आणि त्या पैशातून नवा बैल येणे, हे गावच्या अर्थव्यवहाराचे एक चाक होते. मार्च २०१५ मध्ये राज्यात कायदा बदलला आणि गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. ‘टिंग्या’ची कथा आज जशीच्या तशी घडू शकत नाही. आज टिंग्याच्या बापासमोर जायबंदी बैल आहे, पेरणी आहे, आणि कायदेशीर गिऱ्हाईक नाही. कुरेशी माणसासमोर बंद पडलेला धंदा आहे आणि रस्त्यात गाडी अडवली जाण्याची भीती आहे. बैल तोच, पण आता तो दोन गरीब घरांना एकमेकांपासून तोडतो. पोळ्याच्या दिवशी बैलाला रंगवून मिरवणारे दृश्य आपल्या चित्रपटांत वारंवार येते. पोळ्यानंतर थकलेल्या बैलाचे काय होते, ते मात्र येत नाही.

आता आपल्या मातीकडे. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) केला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला वाटू लागते की आपला किसनाही तसेच काही करील. ती पोराला बापाच्या मागे लावते, नवऱ्याला गोडधोड करून घालते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी हे इतके साधे ठेवले आहे की मधूनच हसू येते, आणि हसू आल्याची लाज वाटते. मृत्यू न दाखवता त्याची पाळत दाखवणे ही कल्पना मला फार मोलाची वाटते. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले, त्यात यवतमाळ होतेच. तेव्हा कॅमेरे आले ते विधवेच्या चेहऱ्यावर रोखले गेले, फोटोला हार, शेजारी रडणारी बाई. मनवरांनी तो कॅमेरा तिच्या हाती दिला.

त्याच वर्षीचा दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा पी. साईनाथ यांच्यावरचा माहितीपट. साईनाथांनी वारंवार सांगितलेली एक विसंगती अशी, की मुंबईत सुती कपड्यांचा फॅशन शो पाहायला पाचशेहून अधिक पत्रकार जमले होते, आणि तासाभराच्या विमानप्रवासावर तो कापूस पिकवणारे जीव देत होते. कापूस इथे दोन ठिकाणी दिसतो, अंगावर आणि शेतात.

पण या दोन टोकांच्या मधला कापूस कोणीच दाखवला नाही, आणि तिथेच आपली माणसे आहेत. वेचणी करणारी बाई बहुधा भूमिहीन, दलित, आदिवासी, काही ठिकाणी मुसलमान. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना उडणारी कस आपल्या हमालाच्या छातीत जाते. आणि पिंजारी! कमानीच्या ताणलेल्या तातीचा तो टणत्कार एकेकाळी दारोदार ऐकू यायचा. दिवसभर कापूस पिंजून माणूस संध्याकाळी पांढरा होऊन घरी जायचा, भुवयांपर्यंत पांढरा. पुढे पिंजण्याचे यंत्र आले, मग फोमच्या गाद्या आल्या, आणि तात उतरली. पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात कापसाने पांढरा झालेला, हातात काही न उरलेला हा माणूस. दिग्दर्शकाला याहून बोलके चित्र आणखी काय हवे? मला तरी तो कापसावरच्या कुठल्या चित्रपटात भेटलेला नाही.

आणखी एक चित्र असेच पडून आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस बाहेर काढण्यासाठी ब्रिटिश कंपनीने ती टाकली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले, आणि ते १९९४ पर्यंत धावत होते. ज्या शहराच्या गिरण्यांनी देशोदेशीचा कापूस रिचवला, त्याच शहराचे इंजिन इथला कापूस नेत राहिले. शकुंतलेवर लिहिणारे तिच्या संथपणाचे कौतुक करतात, डब्यातून उतरून चालत्या गाडीत परत चढण्याचे किस्से सांगतात. डबे कशाने भरून जात आणि काय घेऊन परत येत, हे कोणी विचारत नाही.

आणि २०१७. जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणारे मजूर मोठ्या संख्येने होते. पाठीवर पंप, तोंडाला जुना रुमाल, पाय उघडे, डोक्याच्या वर गेलेली कपाशी. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर चित्रपट निघाले, कारण शेतकरी म्हटले की एक पवित्र प्रतिमा तयार आहे. फवारणीच्या मजुराला सातबारा नाही, म्हणून त्याच्या मृत्यूला ती प्रतिमाही मिळत नाही. पाठीवरचा तो पंप अजून कोणी ताईत केलेला नाही. कॅमेरा त्याच्याकडे वळायचा असेल तर आत्ता वळायला हवा.